ज्याची कथा, त्याचा चहा

हिवराळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इमारतीच्या जिन्यात, सूचनाफलकासमोर. आम्ही त्याच दिवशी उस्मानपुऱ्यातल्या त्या इमारतीत राहायला आलो होतो. माझ्या दोन्ही हातांत भांड्यांच्या पिशव्या, केसांत धूळ, आणि समोर हा बुटका, रुंद खांद्यांचा गृहस्थ जिना अडवून दोन ओळींची सूचना इतका वेळ वाचतोय की जणू तिच्यावर परीक्षा आहे.

"मॅडम, तुम्ही आपल्याच कॉलेजच्या ना? केमिस्ट्रीच्या नव्या? बरं झालं. हे बघा."

मी बघितलं. 'सभासदांनी पाणी जपून वापरावे. जिन्यात वाहने धुऊ नयेत.'

"जिन्यात वाहन कसं धुणार?" मी म्हटलं.

"ते सोडा. 'वापरावे' बघा. आपला सेक्रेटरी 'वापरावे' म्हणणारा माणूस नाही. तो 'वापरायचं' म्हणेल, आणि पुढे 'नाहीतर' जोडेल. हे कुणीतरी भिडस्त माणसानं लिहिलंय. लहान असावं. सगळ्यांना घाबरणारं."

मला वाटलं, माणसाला रिकामा वेळ फार आहे. आठवड्याभरात कळलं की ती सूचना सेक्रेटरीच्या दहावीतल्या मुलीने लिहिली होती आणि ती खरोखरच आल्यागेल्याला घाबरायची. मी ही गोष्ट सरांना सांगितली नाही. आधीच शेफारलेले होते.

सर आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल, तोंडात लवंग. पेन्सिल कानावर आहे हे विसरून ती स्टाफरूमभर शोधायचे. कथा हा त्यांचा जीव की प्राण, पण कथेत काय घडतं याची त्यांना फारशी पर्वा नसे. कुणी उत्साहाने एखाद्या कथेची हकीगत सांगू लागलं की ते हात वर करायचे. "कोण मेलं ते नंतर. सांगणारा कसा सांगतोय? शेपूट बघा, शेपूट."

हे शेपूट म्हणजे क्रियापदाच्या मागे लागणारं लटांबर. शकतो, पाहिजे, हवं, लागतं, असावं, असेल, नको होतं. मांजराच्या तोंडाकडे बघून त्याच्या मनातलं काही कळत नाही, शेपटीकडे बघावं लागतं, तसंच कथा सांगणाऱ्याचं असतं असं त्यांचं म्हणणं. माझ्या विषयात ही भानगड नाही. आमच्याकडे आम्ल हे आम्ल असतं. ते आम्ल असावं, असू शकतं, खरं तर असायला हवं होतं, असं लिहिणाऱ्या पोराला मी शून्य देते. सर यावर म्हणायचे, "म्हणूनच तुमच्याकडे कथा नाहीत, मॅडम. फक्त स्फोट आहेत."

या विद्येचा उपयोग आम्हाला पाण्याच्या दिवशी व्हायचा. आमच्या भागात पाणी रोज येत नाही. आज येणार की उद्या, हे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला फोन करून विचारावं लागतं. सेक्रेटरी फोन करायचा आणि जिन्यात उभा राहून जाहीर करायचा, "येईल म्हणाला!" लगेच वरून सरांचा आवाज. "'येईल' म्हणाला की 'येईल ना' म्हणाला?" सेक्रेटरी आठवायचा. "'येईल ना, साहेब' म्हणाला." "मग टँकर सांगा." आणि खरंच, 'ना' लागलेलं पाणी आमच्या टाकीत कधी पडलेलं मला आठवत नाही. सरांच्या बायको, शकुंतलावहिनी, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, बोलायला खमक्या. त्या म्हणायच्या, "ह्यांचं व्याकरण व्हईस्तोवर माझे कपडे वाळायला पायजे व्हते."

एकदा प्रयोगशाळेतली लाइट गेली आणि माझं प्रॅक्टिकल बुडालं. शेजारी सरांचा तास चालू होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावर त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं. 'म्हातारी एकटी राहते.'

"ही बातमी झाली," सर म्हणाले. "सांगणारा दाराबाहेर उभा आहे. आता त्याला आत घेऊ." आणि खाली त्यांनी लिहिलं, 'म्हातारी एकटी राहू शकते.' "कोण बोलतंय?"

 मग खिडकीजवळून एक मुलगी म्हणाली, "ये तो बेटा है, सर."

ही नसरीन. सिल्लोडहून एसटीने यायची आणि पहिल्या तासाला हमखास उशिरा पोचायची.

"मराठीत सांग."

"मुलगा आहे, सर. पुण्याला फ्लॅट घेतलेला. बायकोला फोनवर सांगतोय."

वर्ग फुटला. सरांनी पुढचं लिहिलं, 'म्हातारीला एकटं राहावं लागतं.' मुलं ओरडली, शेजारीण, शेजारीण! 'म्हातारीनं एकटं राहायला नको होतं.' मागून एक पोरगा म्हणाला, "हा तेराव्याला आलेला पाहुणा, सर." 'म्हातारी एकटी राहत असावी.' यावर मात्र कुणाला काही सुचेना. बऱ्याच वेळाने नसरीनच म्हणाली, "नवीन भाडेकरू आहे. भिंतीच्या पलीकडून एकाच ताटाचा आवाज येतो त्याला."

 सर खडू ठेवून म्हणाले, "म्हातारी तीच आहे. ती खरी कशी राहते, ते यातल्या एकाही वाक्यात नाही. पण हे सांगणारे कसे आहेत, ते सगळ्या वाक्यांत आहे."

त्या दिवशी घरी जाताना मी माझ्या सासूबाईंबद्दल लोकांत काय काय म्हणते ते आठवायला लागले. थोडं आठवलं आणि मग आठवायचं सोडून दिलं.

निवृत्त झाल्यावर सर गप्प बसतील अशी कुणाची समजूत असेल तर ती वहिनींची सोडून बाकी सगळ्यांची होती. त्यांनी घरी कथेची बैठक सुरू केली. महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा वाजता, त्यांच्या बाहेरच्या खोलीत. पाच-सात माणसं यायची. वाळूजच्या कारखान्यातला बोर्डे, आता स्वतः सिल्लोडला शिक्षिका झालेली नसरीन, आणखी कोणी कोणी. मी खालच्या मजल्यावर राहत असल्याने आणि पोहे वहिनींच्या हातचे असल्याने मीही जायचे. मला कथा लिहिता येत नाहीत हे मी पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाले.

या बैठकीला एक विचित्र नियम होता. आपली कथा आपण वाचायची नाही. ती दुसऱ्याने वाचायची. आणि वाचन चालू असताना कथा लिहिणाऱ्याने खोलीत बसायचंही नाही. त्याने आत स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा करायचा. कथा संपेपर्यंत बाहेर यायचं नाही, आतून एक शब्द बोलायचा नाही, आणि पडदा तर अजिबात सरकवायचा नाही. ज्याची कथा, त्याचा चहा.

"ही काय शिक्षा?" मी विचारलं होतं.

"लेखक समोर बसला की चेहऱ्यानं कथा वाचवत बसतो, मॅडम. डोळे मोठे करतो, ओठ हलवतो. आत गेला की फक्त आवाज ऐकू येतो, तोही दुसऱ्याच्या तोंडून. मग आपला सांगणारा कसा बोलतोय ते त्याला पहिल्यांदा कळतं."

बोर्डेच्या कथेच्या वेळी मी हे डोळ्यांनी पाहिलं. कारखान्यातल्या एका कष्टाळू माणसाची गोष्ट होती, बोर्डेचीच म्हणा ना. नसरीन वाचत होती. मला सोसावं लागलं, मला ऐकून घ्यावं लागलं, मला गप्प राहावं लागलं. आतून भांड्यांचा आवाज वाढत गेला. शेवटी ट्रे घेऊन बोर्डे बाहेर आला तो लाल होऊन. चहाचा काढा झाला होता, त्यात साखर नव्हती.

"सर, माझा तो नायक किती रडतो हो! लिहिताना मला त्याची दया येत होती. आतून ऐकलं तर असं वाटलं, ह्याच्या मेहुण्यानं ह्याच्याशी बोलणं का टाकलं ते आता समजलं."

"कथेत मेहुणा आहे?"

"कथेत नाही, सर. घरी आहे."

आम्ही तो काढा हसत हसत प्यायलो. बोर्डेने ती कथा पुन्हा लिहिली आणि पुढच्या खेपेचा चहा जरा बरा झाला. सर असं कुणाच्या कथेला वाईट म्हणायचे नाहीत. चहा कसा झालाय त्यावरून आम्हीच समजून घ्यायचो.

पण स्वतः सरांनी कधी चहा केला नव्हता. कुणीतरी चिडवायचंच, "सर, तुमच्या हातचा चहा कधी?" सर लवंग या गालातून त्या गालात सारायचे. "माझा चहा चांगला होत नाही." असं ते म्हणाले की वहिनी उठून आत जायच्या. मी ते बरेच महिने बघत होते. शेवटी एका दुपारी मेथी निवडता निवडता मी वहिनींना विचारलंच, आणि त्यांनी सांगितलं.

सरांचं गाव देवगाव रंगारी. वडील लवकर गेले. थोरले भाऊ किसनदादा पाचवीत शाळा सोडून दुसऱ्याच्या बैलांमागे लागले आणि धाकट्या गौतमची, म्हणजे सरांची, शाळा चालू राहिली. पुढे सर प्राध्यापक झाले, आणि त्यांनी आयुष्यात एकच कथा छापली. दादाची. त्या कथेतला सांगणारा म्हणजे धाकटा भाऊ, आणि तो मोठ्या ठसक्यात सांगतो की दादाला शाळा नकोच होती, दादाला बैलांतच राहायचं होतं, पाटी माझ्या हातात देऊन तो उड्या मारत रानात गेला. एका दिवाळी अंकात ती आली. सरांनी दादाला आधी काही सांगितलं नाही. छापलेलीच दाखवायची, चकित करायचं, असं त्यांच्या मनात होतं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावी गेले. संध्याकाळी घरासमोरच्या ओट्यावर भावकीतली माणसं बसली होती. पुतण्याला अंक सापडला आणि तो मोठ्याने वाचू लागला. सर तेव्हा आत होते. दादा रानातून आले होते म्हणून त्यांच्यासाठी चहा करत होते.

"आन् आतून ऐकलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पोरगं वाचतंय, लोकं हसतेत. एकजण म्हनला, आरं किसन, तुला शाळा नको व्हती व्हय? आमाला वाटायचं तू भावासाठी सोडली! पुन्हा हसले. लोकं वाईट नव्हते हो, उगं गंमत. हे चहा घेऊन भायेर आले तर दादा नव्हते. गोठ्यात गेलते. कप तसाच राह्यला ओट्यावर."

"मग भांडण?"

"भांडण झालं असतं तर मिटवलं असतं की. काहीच झालं नाय. दादा म्हनले, चांगलं लिव्हलं. फक्त तवापासून आमच्या घरी आले नाहीत. बाजरी धाडतेत, मका धाडतेत, एसटीत टाकून. आम्ही गेलो की जीव लावतेत, जेवाय घालतेत. पर ह्यांच्या हातचा चहा म्हनलं की, आत्ताच झाला, म्हनतेत. आता दादाचं वय झालं. हे रात्रंदिस तेच घोकतेत. मला म्हनले, दादा एकदा ह्या घरात बसला पायजे."

बैठकीतला तो नियम कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. मेथीची जुडी हातात तशीच राहिली.

त्यानंतर सरांनीच एकदा मला आपणहून ते कागद दाखवले. कथा पुन्हा लिहायला घेतली होती. नेमकं कुठे चुकलं ते त्यांना ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं. सगळा दोष त्या ठसक्याचा. जे आपल्याला ठाऊक नव्हतं ते आपण छातीठोक सांगितलं. म्हणून त्यांनी एकेक शेपूट बदललं होतं. दादाला कदाचित शाळा हवी असावी. पाटी देताना त्याला वाईट वाटलं असेल. तो हसत होता असं मला वाटलं असण्याची शक्यता आहे.

मी वाचलं आणि राहवेना. "सर, हा भाऊ वाटत नाही. कोर्टात उभा केलेला साक्षीदार वाटतो."

सर मान खाली घालून हसले. "मग पुन्हा लिहितो."

त्यांनी पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. एका आवृत्तीत सगळीकडे 'लागलं' होतं, दादाला सोडावी लागली, दादाला जावं लागलं, आणि वहिनी म्हणाल्या की ह्यात दादा बोर्डेसारखे रडतात. दुसरीत 'शकला असता' होतं आणि ती सरांनी स्वतःच फाडली. बिचारे शहाणे गृहस्थ, अख्ख्या जिल्ह्यातल्या पोरांची शेपटं ओळखायचे आणि स्वतःचं एक काही केल्या सरळ होईना.

शेवटी वहिनींचा धीर सुटला. मी तिथेच होते. "एवढं लिव्हता, त्यापरीस दादालाच विचारा ना, तुला शाळा पायजे व्हती का नको व्हती?"

"तसं विचारू शकत नाही मी."

"शकत नाय," वहिनींनी कमरेवर हात ठेवले, "का विचारायचं नाय? शेपूट बघा, शेपूट!"

 सर उठून गच्चीत गेले. दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की येत्या बैठकीला त्यांची स्वतःची कथा आहे, वाचन नसरीन करेल, आणि कृपा करून चहाला नावं ठेवू नका.

वहिनींनी त्याच दिवशी देवगावला फोन लावला होता, हे सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण फोन माझ्या घरातून लावला होता. "दादा, रविवारी घरी माणसं येनार हायेत, मक्याचे कणसं पायजेत. पोराच्या हाती धाडू नका, तो मोजून आणीत नाय. तुमीच या."  पलीकडून दादा म्हणाले, "बघतो." वहिनींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "'बघतो'चं शेपूट कसं ओळखायचं, मॅडम?" आणि त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, मला काय विचारता, मी केमिस्ट्रीची.

रविवारी सगळे जमले. सर आत गेले, पडदा ओढला गेला, आणि भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. नसरीनने कागद हातात घेतले. इतक्यात दारात एक उंच, वाळलेला म्हातारा उभा. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर कणसांचं पोतं. नाक मात्र हुबेहूब सरांचं.

"जयभीम," ते हळू म्हणाले. "गौतम कुठंय?"

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं, पोतं उतरवून घेतलं आणि त्यांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. काय चाललंय हे सांगायचं काम बोर्डेने केलं, तेही कुजबुजत. सरांची कथा आहे, म्हणून सर आत चहा करतायत, कथा संपेपर्यंत त्यांनी बाहेर यायचं नाही आणि आतून बोलायचंही नाही.

किसनदादांनी पडद्याकडे पाहिलं. "म्हंजी मधी कायबी झालं तरी त्यानं बोलायचं नाय?"

"नाही."

"नियम हाय?"

"त्यांनीच केलाय."

"लई भारी नियम हाय." त्यांनी खिशातून चष्मा काढला. एक काडी दोऱ्याने बांधलेली. "दे बाई हिकडं. मी वाचतो."

नसरीनने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे, वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. नसरीनने कागद दिले.

दादा वाचू लागले. बोट ओळीवर, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं आणि आत, स्वयंपाकघरात, काहीतरी खाली पडलं. चमचा असेल. 

कथा यावेळी फार छोटी होती. रान होतं, बैल होते, शाळेची घंटा होती. दादा अडखळत वाचत होते आणि मधेच एखादा शब्द स्वतःच्या बोलीतला करून टाकत होते. इथे मला शेवटची काही वाक्यं द्यायलाच हवीत, मला पाठ आहेत. 'दादानं पाटी माझ्या हातात दिली आणि तो रानाकडे गेला. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. मी त्याला विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. अजूनही विचारता येईल.'

कागद संपले. दादांनी ते गुडघ्यावर सरळ केले.  मग ते पडद्याकडे तोंड करून, शेतातून हाक मारावी तसे मोठ्याने म्हणाले,

"ए गौत्या! बोलू नको. नियम हाय तुहा. ऐक निस्तं."

दादा खुर्चीत पुढे सरकले.

"शाळा मला नकोच व्हती. गुरुजी लई हानायचे आन् मला पाढे येत नव्हते. बैल बरे वाटायचे. ते तू पयल्यांदा लिव्हलं व्हतं ना, ते खरं व्हतं. खरं व्हतं ते खोडून काहून टाकलं?"

 मी आयुष्यात कधी एखादा प्रयोग असा उलटा पडलेला पाहिला नव्हता. इतकी वर्षं या माणसाने एकेक शब्द बदलून पाहिला होता, आणि शब्दांत चूकच नव्हती.

"मग राग कशाचा, दादा?" वहिनींनीच विचारलं. आत जो उभा होता त्याला विचारता येत नव्हतं.

"राग कुठला, शकू." दादांनी चष्मा काढून धोतराने पुसला. "मही गोष्ट व्हती. ती सगळ्या गावानं ऐकली, तवा मी ऐकली. लोकायच्या मंदी बसून, पोराच्या तोंडून. छापायच्या आदी याकदा रानात यायचं, बांधावर बसायचं, म्हनायचं, दादा, तुह्यावर लिव्हलंय, ऐक. मी काय नाय म्हनलो असतो? आरं, लहानपनी शाळेतून आला की धडा कुणाला वाचून दाखवायचा तू? मला. बैलं सोडून मी ऐकत बसायचो. आन् ज्यात मीच व्हतो तेवढं वाचून नाय दाखवलं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हनलं, शिकला, मोठा झाला, आता आपलं ऐकायचं काम संपलं."

नसरीन उघड उघड रडत होती. बोर्डे छताकडे बघत होता. मला स्वतःलाही चष्मा काढावा लागला, ते मी कशाला लपवू.

"आता बोल," दादा म्हणाले. "झाली गोष्ट. आन् चहा आन."

पडदा सरकला. सर ट्रे घेऊन उभे होते. बोलायची परवानगी मिळाली होती, पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या क्रियापदांवर बोट ठेवलं त्याला त्या क्षणी एकही क्रियापद सापडेना. ते नुसतेच दादांसमोर गेले आणि ट्रे पुढे केला.  दादांनी एक उचलला, बशीत ओतला, फुंकर मारून प्यायले. पूर्ण प्यायले. मग बशी ठेवत म्हणाले, "लई कडू झाला. आजून हाय का?"

त्या दिवशी कणसं भाजली, सगळे दुपारपर्यंत बसले आणि दादांनी सरांच्या बालपणीच्या अशा गोष्टी सांगितल्या की सरांना पुन्हा आत जाऊन बसावंसं वाटलं असावं. कथा कुठेही छापायला पाठवली नाही. सर म्हणाले, ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत पोचली.

आता सर आणि वहिनी वर्षातले बरेच दिवस देवगावलाच असतात. बैठक नसरीन सिल्लोडला घेते, नियम तोच. आमच्या जिन्यात शांतता आहे, आणि पाण्याचा फोन केला की सेक्रेटरी अजून सवयीने वर बघतो.

मागच्या थंडीत मी कन्नडला एका लग्नाला गेले होते. परतताना गाडी देवगावकडे वळवली. घर विचारायची गरज पडली नाही. ओट्यावर किसनदादा बसले होते, पाठ भिंतीला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, बोट कागदावर. शेजारी वहिनी शेंगा फोडत होत्या. मला बघून दादांनी वाचन न थांबवता समोरच्या बाजेकडे हात केला, म्हणजे बसा, मधे बोलू नका.

मी बसले नाही. चपला काढल्या आणि दारातून आत डोकावले. सर माझ्याकडे पाठ करून शेगडीसमोर उभे होते. कानावर पेन्सिल होती. भांड्यातला चहा वर चढत चढत काठाशी आला होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, मान ओट्याच्या बाजूला झुकलेली होती. बाहेर दादा एका शब्दाला अडले, पुन्हा मागून वाक्य घेतलं, पूर्ण केलं, आणि मोठ्याने हसले.

मी पाठमोऱ्या सरांचे खांदे खाली आलेले पाहिले. चहा उतू गेला. त्यांनी तो जाऊ दिला.